सोळा तास आणि दोन रात्री



आपल्याकडे अंतर मोजण्याच्या दोन रीती पूर्वीपासून आहेत. एक कोसांची, दुसरी वेळेची. जुन्या माणसाला विचारले, "अमुक गाव किती लांब?" तर तो म्हणायचा, "तीन कोस." पण त्याच घरातली म्हातारी सांगायची, "न्याहारी करून निघालं की उन्हं डोक्यावर यायच्या आत पोचतं माणूस." कोस सांगणाऱ्याचे खोटे नव्हते, पण घरी बसून वाट पाहणाऱ्याच्या उपयोगाचे म्हातारीचेच उत्तर असायचे. आज हे सदर याच गोष्टीवर लिहिणार आहे. फक्त गावे आपल्या तालुक्यातली नाहीत. एक आहे मुंबई, दुसरे अमेरिकेतले न्यूयॉर्क.

तुम्ही म्हणाल, धानाच्या बांधीत उभे राहणाऱ्यांना न्यूयॉर्कशी काय काम? काम आहे. वीस वर्षांपूर्वी पवनीतले पोर पुण्याला गेले तरी घरचे दूर गेले म्हणायचे. आता आसपासच्या खेड्यांतलीही मुले आखाती देशांत आहेत, जर्मनीत आहेत, अमेरिकेत आहेत. आपण त्यांच्याशी रोज फोनवर बोलतो, तोंडही पाहतो, आणि त्यामुळे ती शेजारच्या आळीत असल्यासारखी वाटतात. ती किती लांब आहेत हे एखाद्या रात्रीच कळते. तसे मला कळले, आणि तेही दुसऱ्याच्या घरी.

काही वर्षांपूर्वीची हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका घरी पहाटे चार वाजता घरधनी गेले. मंगळवार होता. थोरला मुलगा न्यूयॉर्कजवळ नोकरीला. फोन गेला तेव्हा तिकडे सोमवारची संध्याकाळ, साडेपाच वाजलेले. मी शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, म्हणून सगळ्यांनी मलाच विचारले, "गुरुजी, पोरगा कधी पोचते?" मी बोटांवर हिशेब केला. विमानाला पंधरा-सोळा तास, पुढे नागपूर आणि पवनी मिळून चार तास. मी ठामपणे सांगितले, "आज मध्यरात्रीपर्यंत येतो. उद्या सकाळी वैनगंगेवर नेऊ."

माझ्या शब्दावर घर थांबले. पुतण्याच्या हातून अग्नी द्यावा असे म्हणणारी वडीलधारी मंडळीही गप्प झाली. एका रात्रीचाच प्रश्न आहे म्हणून शीतपेटी मागवली नाही. लांबचे पाहुणे मुक्कामी राहिले.

मुलगा आला बुधवारी रात्री अकराला. अग्नी दिला गुरुवारी सकाळी. मधल्या दोन रात्री त्या घराने कशा काढल्या ते मी पाहिले आहे. शेवटी मंगळवारी दुपारी धावपळ करून शीतपेटी आणावी लागली. पाहुण्यांपैकी काही परत गेले, काही पुन्हा आले. बुधवारी संध्याकाळी मुलाची आई मला एवढेच म्हणाली, "गुरुजी, सोळा तासानं येते म्हणलं ना तुम्ही?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

चूक कुठे झाली? विमानाचा वेग मला ठाऊक होता, अंतरही ठाऊक होते. पण प्रवास म्हणजे नुसते विमान नव्हे, हे भूगोलाच्या मास्तराच्या लक्षात आले नाही. म्हणून आज तुमच्यासमोर सगळा हिशेब नीट मांडतो.

आधी अंतर पाहू. मुंबई ते न्यूयॉर्क हे आकाशातले सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. तुलनेसाठी सांगतो, नागपूर ते मुंबई हवेतून सातशे किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे नागपूर-मुंबईसारख्या अठरा खेपा एकापुढे एक मांडल्या की न्यूयॉर्क येते.

पण हे "सर्वांत जवळचे" अंतर कोणत्या वाटेने? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या उत्तर भागावरून आणि अटलांटिक महासागरावरून जाते. ती वाट सरळ दिसते, पण लांबची आहे. तिने गेले तर दीड हजार किलोमीटरहून अधिक फेरा पडतो.

विश्वास बसत नसेल तर उन्हाळ्यात नदीच्या वाळूतल्या वाडीतून एक गोल टरबूज आणा. देठ म्हणजे उत्तर ध्रुव समजा. देठ आणि पोटाचा मध्य यांच्या दरम्यान, एकाच उंचीवर, पण एकमेकांच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना दोन खुणा करा. आता एका खुणेवर दोरा धरा आणि दुसरीपर्यंत घट्ट ताणा. दोरा पोटाला वेढा घालत आडवा जाणार नाही, तो सरकून देठाकडे चढेल. ताणलेला दोरा नेहमी जवळची वाट धरतो. पृथ्वीही टरबुजासारखी गोल आहे, म्हणून विमानही तसेच करते. मुंबईहून निघून न्यूयॉर्कचा दोरा ताणला तर तो रशियातल्या मॉस्कोजवळून, फिनलंडच्या हेलसिंकीजवळून, आइसलंडवरून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला लागून जातो. पश्चिमेच्या गावाला जाण्यासाठी विमान आधी उत्तरेला का तोंड करते, याचे कारण हेच. घरातल्या शाळकरी मुलांकडून हा प्रयोग करून घ्या. टरबूज मग खायला आहेच.

आता वेळ. मोठे प्रवासी विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. १२,५४० ला ९०० ने भागले तर चौदा तास येतात. मग जाताना सोळा तास का लागतात? त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण वारा. त्या उंचीवर आपल्या गोलार्धात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार लोंढा वाहत असतो. थंडीत तो अधिक जोरात असतो. वैनगंगेत डोंगा चालवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. प्रवाहाविरुद्ध तीच वाट लांब होते आणि प्रवाहाबरोबर आखूड. म्हणून अमेरिकेकडे जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना तास-दीड तास वाचतो.

दुसरे कारण आकाशातल्या सीमा. धुऱ्यावरून जाऊ द्यायचे की नाही हे जसे शेतमालकाच्या मर्जीवर असते, तसेच आपल्या देशावरचे आकाश वापरू द्यायचे की नाही हे त्या त्या सरकारच्या हाती असते. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले आणि रशियाने युरोप-अमेरिकेच्या विमानांना आपले आकाश बंद केले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. तेव्हा आपल्या लांब पल्ल्याच्या विमानांना समुद्रावरून वळसा घालावा लागला, आणि काहींना तेल भरण्यासाठी वाटेत युरोपात उतरावे लागले. म्हणजे दोरा ताणून निघालेले अंतर तेच राहते, पण विमान त्याच दोऱ्यावरून जाईल असे नाही. तासांचा आकडा त्या त्या दिवसांतला विचारावा, तीन वर्षांपूर्वीचा सांगू नये.

तिसरी गोष्ट घड्याळाची. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून थोडे सावकाश वाचा.

पवनीत सूर्य मुंबईच्या साधारण पंचवीस मिनिटे आधी उगवतो. आपण पूर्वेला आहोत म्हणून. तरी दोन्हीकडे घड्याळ एकच, कारण साऱ्या देशाने मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेची वेळ धरली आहे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. न्यूयॉर्क आपल्यापासून इतके पश्चिमेला आहे की तिथले घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असते. मार्चपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ते लोक आपले घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो.

आता तिकीट पाहा. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून रात्री दोनला निघाले आणि सोळा तासांनी न्यूयॉर्कला उतरले. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतील, पण तिकिटावर लिहिलेले असेल सकाळी साडेसात, त्याच तारखेचे. वजाबाकी केली तर साडेपाच तासच येतात! येताना उलटे. न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघालेले विमान पंधरा तासांनी मुंबईला उतरते तेव्हा तिकिटावर दुसऱ्या दिवशीची दुपारी दीडची वेळ असते. वजाबाकी साडेपंचवीस तासांची. दोन्ही उत्तरे चूक. म्हणून तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी कधीही करू नका. पोचण्याच्या वेळेशेजारी अधिक एक असे बारीक अक्षरांत लिहिले असेल तर पोचणे दुसऱ्या दिवशीचे आहे असे समजा. मुलाला घ्यायला एक दिवस आधीच नागपूरला जाऊन बसलेली माणसे मला माहीत आहेत.

आता माझ्या चुकीकडे येतो. मी हिशेब धरला होता फक्त आकाशाचा. जमिनीचा मांडू. पवनीहून निघालेला माणूस न्यूयॉर्कजवळच्या घरी पोचेपर्यंत असा वेळ जातो:

पवनी ते नागपूरचा सोनेगाव विमानतळ, मोटारीने सुमारे दोन तास.
विमान सुटण्याआधी तिथे हजर राहण्याचे दोन तास.
नागपूर ते मुंबई दीड तास.
मुंबईत उतरणे, सामान घेणे, परदेशी विमानासाठी तीन तास आधी रांगेत लागणे, हे सारे मिळून पाच तास तरी धरा.
मुंबई ते न्यूयॉर्क सोळा तास.
तिकडे पारपत्र तपासणी आणि सामान दोन तास.
विमानतळ ते घर दीड तास.

बेरीज तीस तास. यात हवेत साडेसतरा तास, आणि उरलेले साडेबारा तास जमिनीवर, बहुतेक उभ्याने. हेही थेट विमान मिळाले आणि सगळ्या गाड्या एकमेकींना जुळल्या तर. आखातात किंवा युरोपात विमान बदलायचे असेल तर आणखी काही तास वाढवा. गेल्या काही वर्षांत नागपूरहून शारजा आणि दोहा इथे थेट विमाने गेली आहेत. त्यांनी मुंबईचा फेरा वाचतो, पण तिथून पुढचे विमान किती वेळाने आहे हे पाहावे लागते. वेळापत्रके बदलत असतात, म्हणून त्या त्या वेळी विचारून घ्यावे.

आणि संकटाच्या वेळी या तीस तासांच्या आधी आणखी एक आकडा असतो. तो कोणत्याच पुस्तकात नाही. फोन आल्यापासून विमानात पाय ठेवेपर्यंतचा वेळ. त्या मुलाला सोमवारी संध्याकाळी साडेपाचला निरोप मिळाला. त्या रात्रीच्या विमानात जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी एकचे विमान मिळाले, तेव्हा आपल्याकडे मंगळवारची रात्र साडेअकरा झालेली. म्हणजे मी ज्या मध्यरात्री तो दारात येईल म्हटले होते, त्या वेळी तो तिकडून नुकता निघत होता. पंधरा तासांनी बुधवारी दुपारी अडीचला तो मुंबईत उतरला. नागपूरचे विमान संध्याकाळी सातचे. साडेआठला नागपूर, तिथून मोटार. रस्त्यावर धुके होते. रात्री अकराला तो घरी पोचला. या साऱ्यात कोणीही वेळ वाया घालवला नाही. विमानही वेळेवर होते. चुकला तो फक्त माझा हिशेब.

असे पाहिले तर आपण पुष्कळ जवळ आलो आहोत, हेही विसरू नये. कल्याणच्या आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला निघाल्या तेव्हा त्या ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस! वय अवघे अठरा. तिकडून घरी काही निरोप द्यायचा तर पत्र, आणि तेही बोटीनेच. डॉक्टर होऊन त्या १८८६ च्या अखेरीस परत आल्या, पण आजाराने खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोचले, तेही बोटीनेच. त्यांचे नाव आज नागपूरच्या विमानतळाला आहे, आणि १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीला ते आपल्याच भंडारा मतदारसंघातून उभे होते, हे जुन्या माणसांनी ऐकले असेल. पण मला आठवते ती त्यांची न्यूयॉर्कच्या आधीची गोष्ट. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या आरंभी ते बडोद्याला नोकरीवर होते. वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते मुंबईला निघाले. चरित्रकार सांगतात, सुरतेच्या स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. वडिलांची नजर मुलालाच शोधत होती. भेट झाली, पण ती अखेरची. बडोदा ते मुंबई हा काही फार लांबचा प्रवास नव्हे. तरी एक गाडी चुकली की एक दिवस जातो. तेव्हाही जात होता, आजही जातो.

विमानाचा काळ आला तो टप्प्याटप्प्याने. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले, लहानशा एका इंजिनाच्या विमानातून. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडियाचे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला पोचले. १४ मे १९६० पासून एअर इंडियाची जेट विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. आणि २००७ साली मुंबईहून कुठेही न थांबता थेट न्यूयॉर्क गाठणारे एअर इंडियाचे विमान सुरू झाले. आनंदीबाईंचे अठ्ठावन्न दिवस सव्वाशे वर्षांत सोळा तासांवर आले.

यात आपल्या नागपूरचाही वाटा आहे. १९४९ साली रात्रीच्या टपालाची विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून चार विमाने रात्री निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि विमाने आपापल्या गावी परत फिरत. सकाळी चारही शहरांत चारही शहरांची पत्रे! नागपूर का निवडले? कारण ही चारही शहरे तिथून सातशे ते हजार किलोमीटरच्या आत आहेत. पुढे जलद जेट विमाने आली आणि त्या भेटीगाठी थांबल्या. पण "सगळ्यांना सारखे जवळ पडेल असे ठिकाण कोणते?" हा विचार ज्याने केला त्याने वेळेचा हिशेब बरोबर केला होता. एवढे आपल्या घरासाठी आपणही करू शकतो.

तर आता कामाच्या गोष्टी सांगतो. ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांनी या मनावर घ्याव्यात.

एक. मुलाला किंवा मुलीला आजच, सारे बरे असताना, विचारून घ्या: "आत्ता निघायचे ठरवले तर घरच्या दारात यायला तुला किती तास लागतील?" विमानाचे तास विचारू नका, दारापासून दारापर्यंतचे विचारा. उत्तर आले की त्यात आणखी बारा तास मिळवा. तिकीट मिळणे, रजा मिळणे यासाठी.

दोन. त्याचे पारपत्र कधीपर्यंत चालते आणि परत जाण्याचा व्हिसा ठीक आहे की नाही, हे वर्षातून एकदा विचारत जा. कित्येक मुले इकडे यायला घाबरतात ती तिकिटाच्या पैशांमुळे नव्हे, आले तर परत जाता येईल की नाही या काळजीने. हे आईबापांना ठाऊक नसते, आणि मग "पोरगा आला नाही" असा दोष उगाच त्याच्या माथी येतो.

तीन. घरात थोरामोठ्यांशी एकदा बोलून ठेवा की वेळ आली तर थांबायचे की नाही. हे बोलणे अशुभ नाही. धानाला पाणी कमी पडले तर कोणती बांधी आधी वाचवायची हे आपण आधीच ठरवतो, तसेच हे. त्या घरी पुतण्याने अग्नी दिला असता आणि मुलगा तेराव्याला आला असता, तरी त्यात काही कमीपणा नव्हता. थांबायचे ठरवले तेही चूक नव्हते. चूक एकच, की निर्णय खोट्या आकड्यावर झाला.

चार. थांबायचे ठरले तर शीतपेटी पहिल्या तासातच सांगा. ती भंडाऱ्याहून की नागपूरहून लवकर येईल, याचा दूरध्वनी क्रमांक आधीच लिहून ठेवा.

पाच. आईवडील स्वतः मुलांकडे निघाले असतील तर तिकीट काढतानाच सांगा की चालायला त्रास आहे, चाकाची खुर्ची हवी. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या सामानात नको. सोळा तास एका जागी बसू नका, अधूनमधून उठून चार पावले चाला आणि पाणी पीत राहा. भिवापूरच्या मिरचीचे तिखट आणि लोणचे न्यायचे असेल तर ते मोठ्या सामानात घाला, हातातल्या पिशवीतून नेऊ देत नाहीत. आणि शेतकरी माणसाला सांगायला हवे म्हणून सांगतो: बियाणे, रोप, ताजे फळ, शेतातली माती यांपैकी काहीही घेऊ नका. कितीही जिवाभावाचे वाण असले तरी. त्यातून कीड आणि रोग जातात म्हणून ते देश फार कडक असतात. सोबत खाण्याचे जे काही असेल ते तिथल्या कागदावर खरेखरे लिहा.

सहा. पवनी ते नागपूर हे अंतर सर्वांत लहान, म्हणून त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. नागपूर-नागभीडची छोटी गाडी २०१९ साली रुळ रुंद करण्यासाठी बंद झाली, तिच्यात बसलेल्यांना ठाऊक आहे की लहान अंतरही केवढा वेळ खाते. विमान चुकते ते बहुधा आकाशात नव्हे, उमरेडच्या रस्त्यावर. ट्रॅक्टर आडवा येतो, धुके पडते, टायर फुटतो. तासभर आधी निघा.

त्या घरची आई पुढे वर्षभराने मुलाकडे निघाली. एकटी. तिने मलाच बोलावले आणि म्हणाली, "गुरुजी, किती वाजता कुठं राहीन मी, ते कागदावर लिहून द्या." मी जरा कचरलो. "माझ्यावर अजून विश्वास आहे का काकू?" असे विचारले. ती म्हणाली, "एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा नीट मोजते."

मी दोन रकान्यांचा कागद केला. एका बाजूला आपले घड्याळ, दुसऱ्या बाजूला तिकडचे. पवनी सोडल्यापासून मुलाच्या दारापर्यंत प्रत्येक टप्पा लिहिला, आणि प्रत्येक ठिकाणी थांबण्याचा वेळही. बत्तीस तास झाले. धाकट्या मुलाने तो कागद घरच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि त्याची दुसरी प्रत आईच्या पिशवीत दिली. ती पोचली तेव्हा तिचा फोन आला. कागदावरच्या वेळेहून चाळीस मिनिटे उशीर झाला होता.

तो कागद अजून त्या कपाटात आहे. तुमच्याही घरचे कोणी लांब असेल तर हा अंक बाजूला ठेवण्याआधी तसा एक कागद करा. लिहायला अर्धा तास लागतो. मुलाला फोन करून विचारावे लागेल, आणि त्या निमित्ताने आज नेहमीपेक्षा चार शब्द जास्त बोलणेही होईल. फक्त फोन लावण्याआधी तिकडे किती वाजले असतील ते मोजून पाहा. पहाटे तीनला फोन वाजला की परदेशातल्या मुलाच्या छातीत धस्स होते.